तार मातीला लागलीय का?

(चेंबूर येथील युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘सुरक्षितता’ असा विषय छापलाय. हा शब्द मी तीस वर्षं पिवळ्या पाट्यांवर वाचला. पाटी पत्र्याची, रंग दरवर्षी नवा, आणि पाटीच्या खांबाला जमिनीशी जोडणारी पट्टी मधूनच गंजून तुटलेली. तेव्हा सुरक्षिततेवर मी बोलणार नाही. त्या पट्टीवर बोलणार आहे. अर्थिंगवर. गॅसच्या टाकीच्या अर्थिंगवर.

काहींच्या तोंडाकडं बघून कळतंय, की हा म्हातारा आता आयटीआयचा तास घेणार. घेणारच. कविता आपण पुष्कळ केल्या, अजून करू. पण ज्या टाक्यांचा वास रात्री आपल्या उशाशी येतो त्यांत काय भरलंय, ते कशानं पेटतं, आणि पेटू नये म्हणून कुणी काय करायचं असतं, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? आपल्यापासून जे ज्ञान राखून ठेवलं ते फक्त पोथ्यांतलं नव्हतं. मीटरवरचा काटा वाचणं हेही असंच राखून ठेवलेलं आहे. वायरमन खड्डा खणणार, मीठ-कोळसा भरणार, पाणी ओतणार. काटा साहेब वाचणार, आणि वहीत काय लिहायचं तेही साहेबच ठरवणार.

मी वायरमन. कंत्राटी. मुंबईच्या खाडीकाठच्या एका टर्मिनलवर होतो. त्याचं नाव घेत नाही.

आधी गॅस समजून घ्या. एलपीजी, म्हणजे घरच्या सिलिंडरमधला, प्रोपेन आणि ब्यूटेन. टाकीत तो दाबाखाली पातळ होऊन राहतो. बाहेर सुटला की एका लिटरचा अडीचशे लिटरच्या आसपास वायू होतो. हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. म्हणून तो वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटतो, गटारात उतरतो, झोपडीच्या उंबऱ्यावरून आत येतो. हवेत त्याचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास झालं की तो पेटायला तयार. साडेनऊच्या वर गेलं की हवाच कमी पडते, मग पेटत नाही. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो सडका वास मुद्दाम मिसळलेला असतो, आपल्याला कळावं म्हणून.

आता तो पेटायला किती ठिणगी लागते? पाव मिलीज्यूल. हा आकडा डोक्यात शिरत नाही, म्हणून असं समजा : तांदळाचे पाच दाणे वीतभर उचलायला जेवढी ताकद लागते, तेवढी. बस्स. हायड्रोजन किंवा ॲसिटिलीन असेल तर याच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी.

आणि तुमच्या-माझ्या अंगावर किती असते? टेरिकॉटचा शर्ट, पायात रबरी चपला, हवा कोरडी. चालता-बोलता दोन-तीन हजार व्होल्ट अंगावर चढतात. घाबरू नका, प्रवाह नगण्य असतो. तीन हजाराच्या खाली माणसाला चटका जाणवतसुद्धा नाही. पण तीन हजाराला अंगात साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलीज्यूलच्या वर जाते. म्हणजे जो चटका तुम्हाला कळलाच नाही, तो गॅसला दुपटीनं पुरून उरतो.

ही झाली स्थिर वीज. दोन वस्तू एकमेकींना लागून सुटल्या की ती तयार होते. पाइपातून द्रव धावतो तेव्हा, फिल्टरमधून घुसतो तेव्हा जास्तच. शुद्ध वायू स्वतः फारसा भार घेत नाही. त्याच्याबरोबर उडणारे थेंब आणि गंजाचे कण घेतात. फटीतून गॅस फुसफुसत सुटतो तेव्हा नेमके थेंब उडतात. वाफेच्या झोतातही हेच होतं. १९६९ च्या डिसेंबरात तीन महाकाय तेलवाहू जहाजं तीन आठवड्यांच्या आत फुटली. तिन्हींच्या रिकाम्या टाक्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी धुणं चाललं होतं. शोध करता करता बोट त्या फवाऱ्याच्या धुक्यातल्या विजेवर गेलं. पाणी! आपण पाणी म्हणजे विझवणारं समजतो.

मग उपाय काय? दोन शब्द आहेत आणि लोक ते एकच समजतात. बॉन्डिंग म्हणजे धातूच्या वस्तू एकमेकींना जोडणं. अर्थिंग म्हणजे त्या सगळ्यांना मातीला जोडणं. ठिणगी उडते ती फरकामुळं. एक वस्तू वरच्या दाबावर, दुसरी खालच्या, मध्ये फट. वीज उडी मारते. दोघींना तारेनं बांधलं की फरक उरत नाही आणि उडीही उरत नाही. (तुम्ही हसताय. तुम्हाला यात भलतंच काही ऐकू येतंय. येऊ द्या. मी तांब्याच्या तारेबद्दल बोलतोय.)

मातीला जोडलेली तार तीन वेगळी कामं करते, आणि तीन कामांचे हिशेब तीन. स्थिर वीज मातीत सोडायची तर दहा लाख ओहम अडथळा असला तरी चालतं, इतकी ती अशक्त. तरीही टँकरच्या क्लॅम्पापाशी दहा ओहमच्या आत मागतात. का? तर धातूची जोडणी अखंड असेल तर आकडा मुळात दहाच्या खालीच यायला हवा. वर गेला म्हणजे मध्ये कुठं तरी गंज आहे, रंग आहे किंवा बोल्ट ढिला आहे. आज पन्नास आला तर उद्या तिथं तार तुटलेली सापडेल.

दुसरं काम पंपाच्या मोटरीचं. मोटरीची वायर आतून जळाली आणि करंट तिच्या अंगावर आला तर फ्यूज उडायला हवा. २३० व्होल्ट आणि वाटेत दहा ओहम असले तर तेवीस अँपिअरच वाहणार. बत्तीसचा फ्यूज ढिम्म हलत नाही. मोटर जिवंत राहते आणि तिला हात लावणारा मरतो. म्हणून तिथं एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी पाहिजे. साहेब ‘दहाच्या आत आहे, ओके’ म्हणाला तर विचारा, कुठल्या कामासाठी ओके? माझ्या समोर अनेक वेळा टँकरचा आकडा मोटरीच्या रकान्यात लिहिला गेलाय.

तिसरं काम आभाळातल्या विजेचं. तिथं हजारो अँपिअर क्षणभरात उतरतात. म्हणून वाट सरळ हवी, काटकोनात मोडलेली नको, आणि टाकीला एकापेक्षा जास्त ठिकाणी बांधलेली हवी. चांगला जाड पत्रा असलेली पोलादी टाकी वीज अंगावर घेऊनही टिकते, पण तिचे पाय मातीला लागलेले पाहिजेत. पाया काँक्रीटचा आहे म्हणजे टाकी मातीला लागली, असं समजणारे इंजिनिअर मी पाहिलेत.

आता खड्डा. त्याला आम्ही पिट म्हणतो. दीड इंची, अडीच-तीन मीटर लांब जी.आय. पाइप उभा गाडायचा, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर, वर पाणी ओतायला नरसाळं, त्यावर झाकण. पाइपापासून टाकीपर्यंत पट्टी, आणि मध्ये उघडता येणारा जोड. तो जोड महत्त्वाचा. पिट मोजायचा तर त्याला बाकीच्या जाळ्यातून सोडवावं लागतं. नाही तर शेजारच्या दहा पिटांचा मिळून आकडा येतो आणि मेलेला पिटही धडधाकट दिसतो. मोजायचं यंत्र सोपं आहे. दोन खिळे लांबवर ठोकायचे, तीन तारा जोडायच्या. लांबच्या खिळ्याच्या अंतराच्या बासष्ट टक्क्यांवर मधला खिळा. आकडा वाचायचा, खिळा थोडा पुढं-मागं सरकवून परत वाचायचा. आकडा बदलला नाही तर खरा.

नियमाप्रमाणे पिटाजवळ त्याचा नंबर, आकडा आणि मोजल्याची तारीख रंगवलेली असते. ती वाचायला साहेब लागत नाही.

माती मातीत फरक आहे. इकडं खाडीची खारट ओली माती, तिच्यात वीज लोण्यासारखी शिरते. आकडा छान येतो, पण तीच माती पट्टी खाऊन टाकते. वरून रंग तुकतुकीत आणि जमिनीत वीतभर खाली पट्टी नाहीच. विदर्भात उलटं. एप्रिल-मेमध्ये जमीन भेगाळते, पिट सुकतो, आकडा चढतो. त्याच दिवसांत हवा कोरडी म्हणून स्थिर वीज जास्त. पावसाळ्यात मोजून वर्षभराचं प्रमाणपत्र लिहिणं ही शुद्ध बदमाशी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. मातीखाली पुरलेल्या पोलादी टाक्यांना तांब्याचं अर्थिंग थेट जोडलं तर ओल्या मातीत तांबं आणि पोलाद मिळून बॅटरी होते आणि त्यात पोलाद खाल्लं जातं. म्हणून तिथं जस्ताचं किंवा जस्त चढवलेलं वापरतात. गंज थांबवायला काही जोडांवर मुद्दाम विजेचा अडसर ठेवलेला असतो. ‘अर्थिंग चांगलं’ म्हणत तिथं उत्साहानं जंपर मारला की टाकीचं आयुष्य संपलं. सगळीकडं तार बांधत सुटणं म्हणजे अक्कल नव्हे.

आता टँकर. गाडी टायरांवर उभी. आधी इंजिन बंद, चाकांना ओट. मग पहिलं काम क्लॅम्प लावण्याचं, रंग खरवडून, उघड्या धातूवर. त्यानंतर होज. काम झाल्यावर आधी होज सुटणार, सगळ्यात शेवटी क्लॅम्प. हा क्रम उलटा झाला की ठिणगी नेमकी तिथं उडते जिथं होजच्या तोंडाशी उरलेला गॅस फुसफुसतो. टर्मिनलवर रिले असतो. क्लॅम्प नीट लागला नसेल तर तो पंप चालूच होऊ देत नाही.

मी होतो तिथं काय चालायचं ते सांगतो. क्लॅम्पाचे दात झिजलेले. रिले दर अर्ध्या तासाला पंप बंद करायचा. रात्री गाड्यांची रांग गेटबाहेर. मुकादम ओरडतोय, कंत्राटदाराला गाड्यांच्या संख्येवर पैसे. मग कुणाला तरी रिलेच्या डब्यात तारेचा तुकडा टाकायला लावायचे. रिले समजतो क्लॅम्प लागलाय. हिरवा दिवा चालू. नवा क्लॅम्प मागितला तर मागणीपत्र तीन महिने फिरणार. आणि तार काढायला सांगणाऱ्या वायरमनला ठेकेदार सांगणार, उद्यापासून येऊ नको. त्याच टर्मिनलवर दसऱ्याला टाक्यांना झेंडूचे हार, पंपाला कुंकू, गेटवर नारळ. त्या नारळांच्या पैशात क्लॅम्प आला असता. मी हे बोललो तर मला म्हणाले, तुम्हा लोकांना श्रद्धा नाही. मी म्हणालो, टाकीला श्रद्धा नाही, तिला पट्टी पाहिजे.

अपघात झाला की चौकशी बसते. चौकशीत पहिला प्रश्न, ठिणगी कुठून आली? मग कामगाराचा शर्ट नायलॉनचा होता, त्याच्या खिशात मोबाइल होता, त्यानं लोखंडी पाना वापरला. ठिणगी कुणाची हे विचारतात. गॅस बाहेर कसा आला आणि इतका वेळ बाहेर कसा राहिला, हे शेवटच्या पानावर. मेलेला माणूस साक्षीला येत नाही, त्याचा शर्ट जळालेला असतो. मोबाइल आत नेऊ नका, सुती कपडे घाला, पितळी हातोडी वापरा, हे सगळं खरं आहे, मी स्वतः नव्या पोरांना दमात घेऊन सांगायचो. पण सुती कपडे द्यायचे कुणी? पितळी हातोडी कंत्राटी मजूर घरून आणणार आहे काय?

आणि अर्थिंग हा ताईतही नव्हे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. उत्तम अर्थिंग असलेल्या जागेत गॅस सुटला तर तो पेटवायला दुसरं काहीही पुरतं.

१९ नोव्हेंबर १९८४. मेक्सिको शहराच्या कडेला सान हुआनिको नावाची वस्ती. सरकारी तेल कंपनी पेमेक्सचं एलपीजी टर्मिनल. सहा गोल टाक्या आणि अठ्ठेचाळीस आडव्या. पहाटे एक पाइप फुटला. गॅसचा ढग जमिनीलगत पसरत गेला आणि काही मिनिटांत टर्मिनलच्याच जळत्या फ्लेअरपर्यंत पोचला. मग टाक्या एकामागून एक फुटल्या. इतक्या जोरात की भूकंपमापकांवर नोंद झाली. सुमारे पाचशे माणसं मेली, बहुतेक वस्तीतली, बरीचशी झोपेत. घरं टाक्यांपासून दीडशे मीटरच्या आत आली होती. तिथं स्थिर वीज नव्हती, कुणाचा नायलॉनचा शर्ट नव्हता. जळती चूल कंपनीनंच लावून ठेवलेली होती. त्यानंतर दोन आठवड्यांत भोपाळ झालं.

१४ सप्टेंबर १९९७, विशाखापट्टणमची रिफायनरी. जहाजातून एलपीजी उतरवून टाक्यांत भरणं चालू होतं. गळती झाली, ढग पसरला, पेटला. साठच्या आसपास माणसं गेली.

आणि आता खिडकीतून बाहेर बघा. तुर्भ्याच्या रिफायनऱ्या १९५४-५५ पासून उभ्या आहेत, त्यांना लागून माहुल. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलच्या रिफायनरीत स्फोट झाला, चाळीसहून जास्त कामगार जखमी झाले. त्या वेळी शेजारच्या वसाहतीत कोण राहत होतं? तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या पाडून ज्यांना आणून टाकलं ते. माहुलची हवा माणसाला अपायकारक आहे हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ सालीच नोंदवलं होतं. तरी माणसं पाठवली. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, जबरदस्तीनं पाठवू नका, दुसरी घरं द्या, नाही तर महिना पंधरा हजार भाडं द्या. तो निकाल वस्तीतल्या बायांनी रस्त्यावर बसून मिळवलेला आहे. नुसत्या वकिलांनी दिला असता तर दहा वर्षं लागली असती.

म्हणून मला सुरक्षित अंतर हा शब्द सुरक्षिततेपेक्षा जवळचा वाटतो. टाकीपासून किती मीटरवर काय असावं हे नियमांत लिहिलेलं असतं. पण नियम टाकीच्या बाजूनं मोजतो. टाकी बांधताना मोजतो. नंतर तिच्याकडं माणसं आणून वसवली तर कुणी मोजत नाही.

टाकीच्या आत उतरणाऱ्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण आत उतरणारे कोण असतात हे इथं सांगायची गरज नाही. टाकी रिकामी केली म्हणजे ती निर्धोक झाली असं नव्हे. गाळात, गंजाच्या पापुद्र्याखाली गॅस धरलेला असतो. भरलेल्या टाकीत हवा नसते म्हणून ती आतून पेटत नाही. रिकामी करताना हवा शिरते, तेव्हाच मिश्रण पेटण्याजोगं होतं. गटाराच्या आणि सेप्टिक टाकीच्या मिथेनचंही असंच. तिथं विषारी वायू आधी जीव घेतो एवढाच फरक. मीटरनं मोजल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, आणि मोजताना फक्त वर नाही, तळाशीही.

आणि आत नेता कुठला दिवा? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात ३६अ कलम होतं. बंदिस्त टाकीत चोवीस व्होल्टच्या वरचा हातदिवा पुरेशा सुरक्षा-साधनांशिवाय न्यायचा नाही, आणि ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असेल तर ज्वालारोधक दिव्याशिवाय दुसरा न्यायचा नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. कलमाचा नंबर बदलला, गॅस बदलला नाही. मी २३० व्होल्टचा साधा बल्ब, वायरीला चिकटपट्टीचे तीन जोड, अशा अवस्थेत टाकीत सोडलेला पाहिलाय. ज्वालारोधक डबा म्हणजे काय तेही ऐका. त्याच्या आत स्फोट होऊ शकतो, पण ज्वाला झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येता येता थंड होते. झाकणाला आठ बोल्ट असतील तर आठच पाहिजेत. सात बोल्टांचा ज्वालारोधक दिवा हा नुसता महागडा दिवा.

आता कामाचं. गॅसच्या या दाबाच्या टाक्यांना परवाना देणारं खातं म्हणजे स्फोटकांचे मुख्य नियंत्रक, आजचं नाव पेसो. त्याचं मुख्यालय कुठं आहे ठाऊक आहे? नागपूरला. दरवर्षी आपण लाखोंनी नागपूरला जातो. पुढच्या वेळी एक दिवस आधी जाऊन तिथं एक अर्ज द्यायला काय हरकत आहे? टाक्यांचे नियम २०१६ चे आहेत. मोठ्या साठ्यांसाठी १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत. त्यांतला पंधरावा नियम वाचा. अपघात झाला तर ज्यांना झळ पोचू शकते अशा आसपासच्या लोकांना, धोका काय आहे आणि झाल्यावर काय करायचं, हे आधी सांगणं साठा करणाऱ्यावर बंधनकारक आहे. सांगितलंय तुम्हाला कुणी? भोंगा कसा वाजतो, कुठल्या दिशेनं पळायचं, वाऱ्याच्या विरुद्ध की आडवं? (आडवं आणि उंचाकडं. गॅस जड आहे, विसरू नका.) साठ्याच्या हद्दीबाहेरचा आणीबाणीचा आराखडा सरकारी यंत्रणेकडं असावा लागतो. माहितीच्या अधिकारात तो मागा. देणार नाहीत, अपील करा. सरकारी कंपनी असेल तर अर्थिंग तपासणीची वही मागा, कोरड्या महिन्यांची. बारा महिने सगळ्या पिटांचा एकच आकडा लिहिलेला असेल तर समजा की यंत्र कपाटातच होतं.

आत कामाला असलेल्या पोरांना एवढंच म्हणतो, की रिलेतली तार कुणाच्या सांगण्यावरून पडली, त्याची तारीख, पाळी आणि सांगणाऱ्याचं नाव आपल्या वहीत, घरी ठेवा. एकट्यानं भांडू नका. पाळीतल्या सगळ्यांनी मिळून सांगितलं की पंप बंद ठेवा, तर मुकादमाचा आवाज खाली येतो. हे मी दोनदा पाहिलंय. दोन्ही वेळा क्लॅम्प आठवड्यात आला.

प्रश्न नंतर घेऊ. आधी उजेड आहे तोवर मागच्या आवारात चला. या हॉलच्या मीटरखोलीमागं एक पिट आहे, झाकणावर रंगवलेली तारीख मी येताना वाचली, चार वर्षांपूर्वीची आहे. यंत्र माझ्या पिशवीत आहे, खिळे दोन आहेत, हातोडी कुणीतरी शेजारून मागून आणा.